क्लायंटकडील मॉड्यूल्सची जुळवणी : जावा वेब फ्रेमवर्कचा इतिहास आणि सातारा-सांगलीचा अनुभव

प्रस्तावना

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधुनिक इतिहासावर विपुल लेखन झाले आहे. प्रतिसरकारची चळवळ, रयत शिक्षण संस्थेचे कार्य, किर्लोस्करवाडी व ओगलेवाडी येथील उद्योग, कोयना प्रकल्प आणि सहकारी साखर कारखानदारी यांचा अभ्यास अनेक अंगांनी झाला आहे व होत आहे. या प्रदेशातील संगणकाचा इतिहास मात्र बहुधा 'अमुक साली संगणकीकरण झाले' या एका वाक्यात उरकला जातो. यंत्रे किती आणली, खर्च किती झाला, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले हे नोंदवले जाते. त्या यंत्रांवर चालणारी प्रणाली कशी जुळवली गेली, ती जुळवणी कोणी व कोठे बसून केली, ती बिघडली तेव्हा कोणाला धावपळ करावी लागली, याची नोंद सहसा आढळत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. जावा भाषेतील वेब फ्रेमवर्कमध्ये वापरकर्त्याच्या ब्राउझरवर चालणारी मॉड्यूल्स कशी ठरवली व जुळवली जातात, हा तो विषय होय. तथापि हा केवळ तंत्राचा इतिहास नाही. जुळवणीचे ओझे कोणी वाहावे, या प्रश्नाला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दिल्या गेलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा तो इतिहास आहे. जेथे मध्यवर्ती यंत्र आणि वापरकर्ता एकाच इमारतीत असतात तेथे हा प्रश्न फारसा बोचत नाही. जेथे वापरकर्ता नदीपलीकडच्या गावात, अनियमित विजेवर आणि दूरध्वनीच्या जोडणीवर अवलंबून असतो तेथे तो तीव्र होतो. सातारा-सांगलीच्या अनुभवाचे महत्त्व या दृष्टीने आहे.

संज्ञांचे स्पष्टीकरण

हे नियतकालिक बहुविद्याशाखीय असल्यामुळे काही संज्ञा प्रारंभी स्पष्ट करणे आवश्यक वाटते. माहिती साठवून ठेवणारे व मागणीनुसार ती पुरवणारे यंत्र म्हणजे सर्व्हर. मागणी करणारे यंत्र म्हणजे क्लायंट. वेबच्या संदर्भात क्लायंट म्हणजे वापरकर्त्यासमोरील ब्राउझर होय. फ्रेमवर्क म्हणजे पुन्हापुन्हा लागणारी कामे आधीच बांधून ठेवलेला सांगाडा. प्रोग्रामर त्यात आपल्या कामापुरती भर घालतो. मॉड्यूल म्हणजे ठरलेल्या कामाचा स्वतंत्र घटक. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मॉड्यूलची कसोटी नेमकेपणाने मांडली. प्रणालीचे भाग पाडताना कामाचा क्रम पाहू नये. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एका घटकात झाकून ठेवावा, म्हणजे तो बदलला तरी इतर घटकांना त्याची झळ पोहोचत नाही, असा त्या मांडणीचा आशय आहे. कॉन्फिगरेशन म्हणजे या घटकांची जुळवणी: कोणता घटक कोणावर अवलंबून आहे, कोणता कोठून आणावा आणि त्याला कोणती मूल्ये पुरवावीत, हे सांगण्याची रीत.

वारणेचा प्रयोग

शिराळा व वाळवा हे सांगली जिल्ह्यातील तालुके एका बाजूस आणि कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, पन्हाळा, हातकणंगले हे तालुके दुसऱ्या बाजूस ठेवून वारणा नदी वाहते. नदीच्या दक्षिणेस असलेल्या वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना व त्याभोवती अन्य सहकारी संस्था उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञानविषयक कार्यदलाच्या पुढाकाराने येथे 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० सलग गावे त्यात समाविष्ट होती. खर्चाचा ५० टक्के भाग केंद्राने, ४० टक्के राज्याने व १० टक्के वारणा समूहाने उचलावा, अशी विभागणी होती. गावोगावी ५४ सुविधा केंद्रे उभारण्यात आली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा या उभारणीत सहभाग होता.

प्रकल्पाच्या घोषित उद्दिष्टांत शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, शिक्षण, शासकीय दाखले अशा अनेक गोष्टी होत्या. प्रत्यक्षात सर्वाधिक वापर झाला तो उसाच्या कामासाठी. ऊस लावल्याची नोंद, तोडणीचा क्रम, वजनाचा तपशील, खताची मागणी, बिलाचा हिशेब या गोष्टींसाठी सभासदाला कारखान्याच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागत. त्या खेपा गावातील केंद्रावर आल्या, ही या प्रयोगाची खरी मिळकत होय. संगणकशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर वारणानगर हे सर्व्हर होते आणि सत्तर गावांना सेवा देणारी चोपन्न केंद्रे हे क्लायंट.

चोपन्न क्लायंट म्हणजे जुळवणीच्या चोपन्न जागा. प्रत्येक केंद्रात स्वतंत्र संगणक, त्याचा विद्युतपुरवठा व बॅटरी, त्याची दूरध्वनी-जोडणी आणि तो चालवणारा एक ऑपरेटर. यंत्रात बिघाड झाला की तो त्याच गावात निस्तरावा लागे. शेतकरी आणि आकडेवारी यांच्यामध्ये उभा असलेला हा ऑपरेटर कोणत्याही अहवालात ठळकपणे दिसत नाही. चोपन्न ठिकाणची प्रणाली चालू राहिली ती मात्र त्याच्यामुळेच.

ॲप्लेट आणि फॉन्ट : यंत्रागणिक जुळवणी

वारणेचा प्रकल्प आकारास येत होता त्याच काळात जावा ही भाषा महाविद्यालयांत प्रवेश करत होती. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ही भाषा मे १९९५ मध्ये जाहीर झाली. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला. जावाचे पहिले आकर्षण ॲप्लेट हे होते. सर्व्हरवरून एक छोटा प्रोग्राम ब्राउझरमध्ये यावा आणि वापरकर्त्याच्या यंत्रावर चालावा, ही कल्पना मोहक होती. एकदा लिहावे आणि कोठेही चालवावे, अशी तिची जाहिरात होती.

'कोठेही' या शब्दाची किंमत प्रयोगशाळेत कळत असे. ॲप्लेट चालण्यासाठी यंत्रावर जावाची योग्य आवृत्ती हवी, ब्राउझरला तिची ओळख असावी, सुरक्षिततेच्या अटी शिथिल केलेल्या असाव्यात. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७), कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०), राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट (१९८३) आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेली या दोन जिल्ह्यांतील अनेक विज्ञान महाविद्यालये यांतून संगणकाचे शिक्षण घेतलेल्या पिढीला हा अनुभव परका नाही. तीस यंत्रांच्या प्रयोगशाळेत एकच ॲप्लेट तीसपैकी बावीस यंत्रांवर चालावे आणि उरलेल्या आठांवर करडा चौकोन दिसावा, हे दृश्य प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात अनेकदा पाहिले आहे. प्रोग्राम सर्वत्र एकच होता, जुळवणी मात्र तीस वेगळ्या प्रकारांची होती. प्रात्यक्षिकाचे पहिले अर्धे सत्र प्रयोगशाळा सहायकाच्या फेऱ्यांत संपे.

मराठीच्या बाबतीत या अडचणीवर आणखी एक थर चढत असे. देवनागरी लिपी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्या मानकात आहे. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे मानकही त्याच वर्षीचे. परंतु प्रत्यक्ष व्यवहार सी-डॅक व मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या संस्थांच्या आणि इतरांच्या फॉन्टवर चालत होता. प्रत्येक फॉन्टचा अक्षरसंच निराळा होता. त्यामुळे मराठी संकेतस्थळ वाचण्यापूर्वी त्याचा फॉन्ट आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावा लागे. तो नसेल तर पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा निरर्थक पसारा दिसे. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. तरीही विंडोज एक्सपीवर जोडाक्षरे नीट दिसावीत म्हणून जटिल लिप्यांची सोय मूळ सीडीवरून वेगळी बसवावी लागे. सीडी कार्यालयाच्या कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर असलेल्या लिपिकाकडे, असा प्रकार आपल्या संस्थांत दुर्मीळ नव्हता.

सर्व्हरकडे परत

या त्रासाची प्रतिक्रिया म्हणून काम सर्व्हरकडे सरकले. १९९७ मध्ये सर्व्हलेट व १९९९ मध्ये जावा सर्व्हर पेजेस ही तंत्रे आली. क्रेग मॅक्लानाहन यांनी २००० मध्ये घडवलेले स्ट्रट्स हे फ्रेमवर्क लवकरच सर्वत्र पसरले. २००४ मध्ये जावा सर्व्हर फेसेस हे अधिकृत मानक ठरले. ब्राउझरने केवळ तयार पान दाखवावे, विचार सर्व्हरने करावा, असा हा काळ होता. प्रत्येक यंत्रावर काही बसवण्याची गरज कमी झाली. त्याची भरपाई म्हणून सर्व्हरवरील कॉन्फिगरेशनच्या एक्सएमएल फायली मात्र प्रचंड वाढल्या. त्या काळातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांच्या परिशिष्टांत या फायली पानेच्या पाने छापलेल्या आढळतात. तेव्हा त्या पृष्ठसंख्या वाढवण्याची युक्ती वाटत. आज इतिहासाचे साधन म्हणून पाहता अहवालाच्या प्रास्ताविकापेक्षा त्या अधिक विश्वसनीय ठरतात; कारण प्रणालीत खरोखर काय होते ते त्यांत लपवता येत नाही.

मराठीचा एक विलक्षण पेच याच काळातील आहे. जावा भाषेचे अंतरंग आरंभापासून युनिकोडचे होते. तिच्यात मराठी अक्षर साठवण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. परंतु पानांवरील शब्द ज्या फायलींत लिहून ठेवायचे त्या 'प्रॉपर्टीज' फायली केवळ पश्चिम युरोपीय अक्षरसंचात वाचल्या जात. परिणामी मराठी शब्दाचे प्रत्येक अक्षरचिन्ह सहा चिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलून लिहावे लागे. 'सातारा' या शब्दात स, काना, त, काना, र, काना अशी सहा युनिकोड चिन्हे आहेत, त्यांची छत्तीस होत. 'सांगली' या शब्दाचीही, अनुस्वार व वेलांटी धरून, नेमकी छत्तीसच होत. बदललेली फाइल माणसाला वाचता येत नसे. एखादी शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायची तर मूळ मजकूर पुन्हा लिहून तो पुन्हा रूपांतरित करावा लागे. ही अट जावाच्या नवव्या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये उठली. मराठी माणसाला भाषाशुद्धीचे जे बोल ऐकावे लागतात त्यांतील काहींचे कारण अशा फायलींत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२००६ : दोन विरुद्ध दिशा

२००४-०५ मध्ये गुगलची पत्रसेवा व नकाशासेवा आल्या. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी संपूर्ण पान न बदलता सर्व्हरशी संवाद साधणाऱ्या रीतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत पहिले रूप दिलेली जावास्क्रिप्ट ही भाषा यामुळे केंद्रस्थानी आली. नावाखेरीज जावाशी तिचे फारसे नाते नाही, हे येथे सांगितले पाहिजे. नावातील साम्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ आजही होतो.

मे २००६ मध्ये गुगल वेब टूलकिट प्रसिद्ध झाले. प्रोग्राम जावात लिहावा व यंत्राने त्याचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करावे, अशी त्याची रीत होती. त्यात 'मॉड्यूल' ही संज्ञा औपचारिक झाली. प्रत्येक मॉड्यूलची एक एक्सएमएल फाइल असे. हे मॉड्यूल कोणकोणत्या मॉड्यूल्सचा वारसा घेते आणि त्याचा प्रारंभ कोणत्या वर्गापासून होतो, हे त्यात नमूद केले जाई. ब्राउझर व भाषा यांच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र आवृत्ती तयार होई व वापरकर्त्याकडे त्याला लागू असलेलीच पाठवली जाई. क्लायंटकडे काय चालावे ते सर्व्हरच्या बाजूला बसून, लिहून ठरवायचे, हा विचार येथे प्रथमच ठामपणे दिसतो.

जगभर क्लायंट असा जाडजूड होत असताना वारणेत नेमके उलट घडले. २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर येथील संशोधकांनी, म्हणजे राजेश वीरराघवन, नाग यशोधर व केंतारो तोयामा यांनी, वारणेच्या केंद्रांचा अभ्यास केला. केंद्रांतील संगणकांचा उपयोग प्रामुख्याने उसाच्या आकडेवारीची देवाणघेवाण एवढ्यापुरताच होत आहे, असे त्यांना आढळले. त्या कामासाठी संगणक, त्याची देखभाल, वीज व दूरध्वनी-जोडणी हा सारा भार अनाठायी होता. म्हणून सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी मोबाईल फोन व लघुसंदेश यांवर चालणारी व्यवस्था प्रयोगादाखल बसवली. मध्यवर्ती यंत्राला जोडलेला फोन संदेश स्वीकारून उत्तर पाठवत असे. या प्रयोगाला त्यांनी 'वारणा अनवायर्ड' असे नाव दिले.

या प्रयोगाचा उल्लेख ग्रामीण विकासाच्या चर्चेत 'साधे तंत्र जिंकले' अशा अर्थाने केला जातो. तो अर्थ पुरेसा नाही, असे वाटते. सात गावांतील व्यवस्थेत गावाकडच्या टोकाला जुळवण्यासारखे काही उरलेच नाही, ही त्यातील खरी गोष्ट होती. फोन सर्वांचा सारखाच. संदेशाचा नमुना कसा वाचायचा ते फक्त मध्यवर्ती यंत्राला ठाऊक. गुगल वेब टूलकिट आणि वारणेचे फोन या गोष्टी बाह्यतः एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. एकीने क्लायंट समृद्ध केला, दुसरीने तो साधा केला. जुळवणी मात्र दोघींनीही क्लायंटकडून काढून केंद्राकडे नेली. अर्थात साधेपणाचीही किंमत असते. एकशेसाठ अक्षरांत मावणारे प्रश्नच त्या व्यवस्थेत विचारता येतात.

टॅपेस्ट्री : जुळवणी एका जागी

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद फ्रेमवर्क म्हणजे टॅपेस्ट्री. हॉवर्ड लुईस शिप यांनी २००० मध्ये त्याचा प्रारंभ केला. पुढे ते अपाचे प्रतिष्ठानकडे आले व २००६ मध्ये तेथील स्वतंत्र प्रकल्प झाले. २००८ च्या अखेरीस आलेली त्याची पाचवी आवृत्ती नव्याने लिहिलेली होती. तिच्यासोबत प्रोटोटाइप हे जावास्क्रिप्टचे ग्रंथालय येत असे. दरम्यान जेक्वेरी हे २००६ मधील ग्रंथालय सर्वाधिक लोकप्रिय झाले. ही दोन्ही ग्रंथालये डॉलर हे चिन्ह स्वतःचे नाव म्हणून वापरत. एकाच पानावर दोन्ही आली की एकाचे नाव दुसरे हिरावून घेई. शिवाय पानावर प्रोग्राम ज्या क्रमाने लिहिले असतील त्याच क्रमाने चालत. क्रम चुकला की सर्व बंद. क्रम लावण्याचे काम पान लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोडलेले होते. जुळवणी प्रत्येक यंत्रावरून हलली होती, पण ती आता प्रत्येक पानावर विखुरली होती.

२०१५ च्या अखेरीस स्थिर झालेल्या टॅपेस्ट्री ५.४ मध्ये यावर उपाय करण्यात आला. जेम्स बर्क यांच्या रिक्वायरजेएस या साधनाचा आधार घेऊन क्लायंटकडील सर्व प्रोग्राम मॉड्यूल्समध्ये विभागण्यात आले. त्याची कार्यपद्धती एका कल्पित उदाहरणाने सांगता येईल.

समजा, कारखान्यासाठी ऊसनोंदीचा अर्ज तयार करायचा आहे. त्यात गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीचा हंगाम व लागणीची तारीख हे रकाने आहेत. शेतकरी क्षेत्र एकर-गुंठ्यांत सांगतो. सातबारा उताऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असते. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजेच ४०.४७ आर. हे रूपांतर अर्ज भरताना तेथल्या तेथे दिसले तर चूक टळते. त्यासाठी पहिले मॉड्यूल. दुसरे मॉड्यूल हंगामाचे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू लागण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत होते. आडसाली निवडून जानेवारीतील तारीख लिहिली तर अर्ज पाठवण्यापूर्वीच सूचना मिळावी. जोडणी मंद असेल तेथे या सूचनेचे मोल विशेष आहे. अन्यथा चूक कळण्यासाठी सर्व्हरकडे एक फेरी वाया जाते.

टॅपेस्ट्रीत ही दोन मॉड्यूल्स प्रकल्पाच्या 'मेटा-इन्फ' या कप्प्यातील 'मॉड्यूल्स' या उपकप्प्यात ठेवायची. फाइलचे नाव हेच मॉड्यूलचे नाव. प्रत्येक मॉड्यूल आपल्या माथ्यावर आपल्याला कोणती इतर मॉड्यूल्स लागतात ते जाहीर करते. ती आधी आणण्याचे काम रिक्वायरजेएस करते. पानाच्या जावा वर्गात 'मला हंगामाचे मॉड्यूल हवे' एवढेच सांगायचे आणि त्याला लागणारी मूल्ये सोबत द्यायची. क्रमाची चिंता लेखकाला उरत नाही. हंगामाच्या तारखा मॉड्यूलमध्ये कोरलेल्या नसतात, त्या सर्व्हरकडून मूल्य म्हणून येतात, ही येथील महत्त्वाची गोष्ट होय. एका कारखान्याने नोंदीची मुदत पंधरा दिवसांनी वाढवली तर बदल एका ठिकाणी होतो. पार्नास यांची कसोटी येथे तंतोतंत उतरते.

मॉड्यूलच्या रीतीने न लिहिलेली जुनी ग्रंथालयेही असतात. त्यांच्यासाठी 'मॉड्यूल मॅनेजर' नावाच्या सेवेला जावातूनच माहिती पुरवावी लागते. अमुक नावाने ही फाइल ओळखावी, ती अमुक मॉड्यूलवर अवलंबून आहे, आणि ती अमुक नाव बाहेर देते, अशी तीन विधाने पुरतात. त्याचप्रमाणे प्रोटोटाइप व जेक्वेरी यांपैकी आधारभूत ग्रंथालय कोणते, हे एका ओळीत ठरवता येते. फ्रेमवर्कची स्वतःची मॉड्यूल्स यांपैकी कोणावरही थेट विसंबत नाहीत. मध्ये एक दुभाष्या मॉड्यूल असते. एका चिन्हावरून झालेले जुने भांडण असे मिटवले गेले.

मराठीच्या दृष्टीने दोन सोयी विशेष उल्लेखनीय आहेत. टॅपेस्ट्रीची पाचवी आवृत्ती शब्दांच्या फायली युटीएफ-८ मध्ये वाचते. त्यामुळे 'सातारा' हा शब्द छत्तीस चिन्हांचा न होता 'सातारा' असाच लिहिता येतो, आणि ही सोय जावाच्या नवव्या आवृत्तीच्या पुष्कळ आधीची आहे. दुसरे, तोच शब्दसंग्रह एका मॉड्यूलमार्फत ब्राउझरलाही उपलब्ध होतो. चुकीची सूचना सर्व्हरने दिली काय आणि ब्राउझरने दिली काय, मराठी वाक्य एकच असते. मंद जोडणीसाठी आणखी एक बाब लक्षणीय आहे: चित्रे व शैलीपत्रके यांच्या पत्त्यात त्यांच्या आशयावरून काढलेली खूणसंख्या असते. आशय बदलला तरच पत्ता बदलतो आणि ब्राउझर जुनी प्रत निर्धास्तपणे वापरत राहतो.

या रीतीच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. ब्राउझरमधील तपासणी ही केवळ सोय आहे. तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते, अन्यथा खोटी नोंद सहज घुसते. म्हणजे हंगामाचा एकच नियम जावा आणि जावास्क्रिप्ट अशा दोन भाषांत लिहिला जातो आणि कालांतराने त्या दोहोंत अंतर पडण्याचा धोका राहतो. शिवाय जुळवणी एका जागी आली म्हणजे ती एका माणसाच्या हाती आली. तो माणूस पुण्यास किंवा बंगळूरला निघून गेला की ती फाइल उघडण्याचे धाडस मागे राहिलेल्यांना होत नाही. चोपन्न ऑपरेटरांवर विभागलेले ज्ञान एकाकडे साठणे हा निव्वळ लाभ नव्हे. प्रशिक्षित मनुष्यबळ घडवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. कारण अभ्यासक्रमात भाषा शिकवली जाते, चालू प्रणालीची जुळवणी वाचायला मात्र शिकवली जात नाही.

ॲप्लेटचा अस्त

सर्व्हरकडे व फ्रेमवर्ककडे जुळवणी सरकत असताना एका क्षेत्रात ॲप्लेट दीर्घकाळ टिकून राहिले. डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र वापरकर्त्याच्या यूएसबी टोकनमध्ये असते. पानावरील सामान्य प्रोग्रामला त्या टोकनपर्यंत पोहोचू दिले जात नाही, म्हणून ई-निविदांसारख्या शासकीय सेवांत स्वाक्षरीसाठी जावा ॲप्लेट वापरले गेले. त्यामुळे लहान ठेकेदाराच्या कार्यालयातही जावाची विशिष्ट आवृत्ती जपून ठेवण्याची आणि संकेतस्थळाचे नाव अपवादांच्या यादीत घालण्याची विद्या रुजली. क्रोम ब्राउझरने सप्टेंबर २०१५ मध्ये व फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये अशा जोडप्रोग्रामांचा आधार काढून घेतला. जावाच्या नवव्या आवृत्तीत ॲप्लेट कालबाह्य ठरवण्यात आले आणि २०२१ मधील सतराव्या आवृत्तीत ते काढून टाकण्यासाठी निश्चित करण्यात आले. निविदेच्या शेवटच्या दिवशी ब्राउझरने स्वतःला अद्ययावत करून घेतल्यामुळे झालेली तारांबळ आठवणारे अनेकजण असतील. त्या तारांबळीचे मूळ या तारखांत आहे.

'मॉड्यूल' हा शब्द दरम्यान संगणकशास्त्राच्या वर्गाबाहेर पडला होता. ई-फेरफार प्रकल्पात सातबाराच्या संगणकीय नोंदी मूळ हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त करण्यासाठी एडिट व री-एडिट मॉड्यूल वापरण्यात आले आणि तलाठी कार्यालयांत तो शब्द चावडीवरच्या बोलण्यात आला. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जनतेस उपलब्ध झाला. ॲप्लेटच्या काळात स्वाक्षरीची सारी जुळवणी वापरकर्त्याच्या यंत्रावर होती. हा उतारा घेणाऱ्या खातेदाराला मात्र स्वतःच्या यंत्रावर काहीही बसवावे लागत नाही.

तीन वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ पासून, ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. उभ्या पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह शेतकरी आपल्या मोबाईलवरून पाठवू लागला. वारणेच्या सात गावांत ज्या फोनवर केवळ लघुसंदेश येत असे, त्याच्या जागी आता कॅमेरा, उपग्रहस्थान आणि स्वतःची मॉड्यूल्स असलेला क्लायंट शेतकऱ्याच्या खिशात आहे. त्याची आवृत्ती बदलली की जुने ॲप काढून नवे बसवण्याची सूचना गावोगावी फिरते, आणि ते बसवून देण्यासाठी बांधावर उभा असतो तो बहुधा घरातील किंवा शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा.